रिकाम्या चौकटीत टेकवलेली तार

बाबा, तुमचा कारखाना अजून चालू आहे. मालक बदलले, पत्रे बदलले, दारावरची पाटी बदलली, पण आंब्याच्या रसाचे डबे ज्या टाकीत वाफेवर शिजतात, तिच्या शेजारच्या खोलीत अजून तुम्हीच केलेला प्रोग्रॅम चालतो. पुण्याच्या आमच्या कंपनीकडे पालीच्या बाजूच्या एका कारखान्याचं काम आलं, पत्ता वाचला आणि मी ते मागून घेतलं. मी कोणाची मुलगी हे नव्या मालकाला ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही. आधी बघायचं, मग बोलायचं, असा माझा स्वभाव झालाय, आणि तो कुठून आला हे तुम्हाला सांगायला नको.

यंदाच्या हंगामातले बरेच डबे नीट न शिजल्यामुळे फुगून परत आले. मालकाच्या मते दोष बॉयलरवाल्या काकांचा, तुमच्याबरोबर काम करायचे तेच. म्हातारा पेंगतो, डबे वेळेआधीच काढतो, त्याला आता घरी बसवायचं, असं ठरलंच होतं. मी फक्त प्रोग्रॅम ठीक आहे एवढं लिहून द्यायचं होतं. मालक म्हणाला, "स्क्रीनवर तापमान दिवसभर बरोबर होतं, मॅडम. स्क्रीन कशाला खोटं बोलेल?" दिवसभर एकसारखं बरोबर असलेलं तापमान मला पहिल्यापासून खटकलं. वाफेचा आकडा थोडा तरी नाचतोच.

तुम्ही वापरलेल्या त्या पद्धतीत ओळी लिहायच्या नसतात, चौकोन मांडायचे आणि तारांनी जोडायचे. प्रत्येक चौकोनातून एक तार फक्त एररसाठी निघते. ती कुठेच जोडली नाही आणि काही बिघडलं, तर पडद्यावर खिडकी उघडते आणि कोणी ओके दाबेपर्यंत सगळं काम जागच्या जागी थांबतं. पण तीच तार कुठेही नेऊन टेकवली, तर पद्धतीला वाटतं, बघतंय कोणीतरी, आणि ती गप्प बसते. तुमच्या तारा काय सुरेख आहेत बाबा, एक वेडीवाकडी नाही! म्हणून तर ती लगेच दिसली. तापमान वाचणाऱ्या चौकोनाची एररची तार एका रिकाम्या चौकटीत जाऊन संपत होती. आत काही नाही. आणि वाचन फसलं तर मागचाच आकडा पुढे ढकलायची सोय शेजारी केलेली. सकाळी टाकी गरम असताना मी तिच्यावरच्या सेन्सरची वायर हाताने उपटली. दुपारी टाकीत गार पाणी होतं, आणि पडद्यावर सकाळचं तापमान मजेत बसून राहिलं.

मला तिथेच आपल्या घराची गच्ची आठवली. तुम्ही खालून विचारताय, टाकी भरली का गो? आणि मी जिन्यातूनच ओरडतेय, भरली! तुम्ही वर येता, माझं मनगट धरता, आणि माझा हात टाकीत घालता. कोपरापर्यंत कोरडा. "न बघता भरली म्हणायचा नाय," तुम्ही म्हणता, आणि दोन दिवस माझ्याशी नीट बोलत नाही. तोच माणूस असा प्रोग्रॅम करतो? मला राग आला बाबा. खूप राग आला.

मग माझं डोकं नको तिकडे धावलं. तुम्ही हा प्रोग्रॅम केलात त्याच हंगामात कारखान्याच्या टेम्पोतून आपल्याकडे कॉम्प्युटर आला होता. मालकांनी दिला, जुना झाला होता, असं तुम्ही म्हणालात. पण त्याच्या कोऱ्या खोक्याची चिकटपट्टी मी स्वतः सोडवली होती. त्यावरच मी हे सगळं शिकले, माझी नोकरी, माझं घर त्यावर उभं आहे. आईला फोन केला. कॉम्प्युटरचं नाव काढल्याबरोबर ती म्हणाली, "कशाला गो उकरून काढतेस आता? माणूस गेला, तेच्याबरोबर सगळा गेला." मी तर अजून काही उकरलंच नव्हतं. बॉयलरवाल्या काकांनी मला बघताक्षणी ओळखलं होतं. त्यांना बाजूला घेऊन विचारलं. ते हात पुसत म्हणाले, "पडदा सारखा थांबायचा. वाफ सुटलेली आणि पडदा थांबलेला, माझा जीव वरखाली व्हायचा. मग येक दिवस जुना शेट येऊन तुझ्या बाबाच्या मागं उभा र्‍हायला. काय बोलले, ता बॉयलरच्या आवाजात मला ऐकू आला नाय. दुसर्‍या दिवसापासून पडदा थांबला नाय."

म्हणजे चांगलं कारण होतं. वाफ चालू असताना पडदा अडकणं धोक्याचंच. तुम्ही तात्पुरतं गप्प केलं असेल, नंतर भोंगा जोडणार असाल, आणि राहून गेलं असेल. कोणाचंही राहतं. पण तुमचं काही राहिलेलं मी कधी पाहिलं नाही, आणि इथेच माझं गाडं अडतं. रात्रंदिवस तुमची बाजू मीच मांडते आणि मीच खोडून काढते.

मी ती चौकट काढली, तार भोंग्याला जोडली, मालकाला समोर बसवून सेन्सर उपटून दाखवला. भोंगा वाजला तसा तो दचकला. काकांना कोणी घरी पाठवत नाही आता. त्या बाबतीत निश्चिंत असा.

मग मालकाने विचारलं, "मुळात हा प्रोग्रॅम केला कोणी?" काका दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी म्हटलं, जुनं काम आहे, नाव कुठे दिसत नाही. ते खरंच होतं. आकृतीच्या कोपऱ्यात तुम्ही बारीक अक्षरात घातलेलं तुमचं नाव सकाळी खोलीत कोणी नसताना मी पुसलं होतं.