मेलेल्या चौकाची मोजणी

९ मार्च, सोमवार
सर्व्हे संपला एकदाचा. बडोद्याच्या वाडी भागातला तो चौक, चार दिवस, रोज दुपारी एक ते चार. सकाळी आर्किटेक्चरचं कॉलेज असतं, म्हणून ही वेळ. शिवाय तेव्हा स्कूटी लावायला जागा मिळते.
एकूण माणसं: नऊ. त्यात पोस्टमन दोनदा मोजला गेलाय, म्हणजे आठच. दोन कुत्री, एक गाय. गाय सर्वांत जास्त वेळ थांबली.
सर इतके खूश झाले! "अरे, हा तर मेलेला चौक! याला जिवंत करा." प्रोजेक्टचं नावच पडलं: वाडीतल्या चौकाचं पुनरुज्जीवन.
किंजल (पार्टनर, अलकापुरीची, यापुढे कि., हात दुखतो) म्हणाली, आपला ए ग्रेड पक्का.

१० मार्च
मधोमध कारंजं. एका बाजूला बसायच्या अर्धगोल पायऱ्या. चाळीस झाडं.
कि.ने रेंडरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या चित्रात, माणसं टाकली. सगळी गोरी, एक बाई फुगा घेऊन. सर म्हणाले, स्थानिक माणसं टाका. मग कि.ने स्वतःच्या मासीचा, म्हणजे मावशीचा, फोटो कापून पाच ठिकाणी चिकटवला. आता पायऱ्यांवर पाच मासी बसल्यात, एकमेकींकडे न बघता.

१२ मार्च, गुरुवार
अलकापुरीतल्या ऑफिसचं पत्र आलं. जुलैपासून नोकरी!! अट एकच, हे सेमिस्टर सुटलं पाहिजे. हा एकच विषय उरलाय. नापास झाले तर वर्ष गेलं आणि नोकरीही गेली.
बाबांनी संध्याकाळपर्यंत गोरव्यातल्या आमच्या अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं. इस्त्रीवाल्याने मला "मॅडम" म्हटलं.

१३ मार्च
सरांची नवी कल्पना: ज्युरीसमोर, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेत, चौकातल्या कुणीतरी रहिवाशाने दोन शब्द बोलावेत. लगेच वाडीत गेलो. दुपारचे दोन. नेहमीप्रमाणे शुकशुकाट. सगळ्यांत मोठा ओटला, म्हणजे दारापुढचा ओटा, ज्या घराला आहे त्याची कडी वाजवली. पाच मिनिटांनी एक बाई आल्या. केस सुटलेले, एक डोळा मिटलेला. "साडा पांच पछी आवजो," म्हणाल्या, म्हणजे साडेपाचनंतर या, आणि दार लावून घेतलं.
कि. म्हणे, बघ, लोकांना स्वतःच्या चौकाबद्दल किती उदासीनता आहे. वहीत लिहूनही घेतलं तिने.

१४ मार्च, शनिवार
देवा.
सहा वाजता गेलो. आधी वाटलं गल्ली चुकलो. स्कूटी लावायला जागा नाही, उभं राहायलाही नाही. आमच्या कारंज्याच्या जागी भाजीची लारी, म्हणजे हातगाडी, तिच्याभोवती दहा बायका. आमच्या पायऱ्यांच्या जागी खरे ओटले, त्यांवर गवार मोडणं, बुद्धिबळ, दोन आजोबांचं भांडण, एका मास्तरांची शिकवणी. चाळीस झाडांच्या जागी क्रिकेट. चेंडू कि.च्या पाठीत बसला.
कालच्या बाई म्हणजे हंसाबेन. आता दोन्ही डोळे उघडे, आणि काय डोळे! ड्रॉइंग हातात घेऊन त्यांनी नीट पाहिलं.
"आ फुवारो अहीं? तो नवरात्रीमां गरबा क्यां करीशुं, एनी अंदर?"
कारंज्यात गरबा! सगळा ओटला हसला. मग म्हणाल्या, चार दिवस भरउन्हात दोन पोरी वही घेऊन बसलेल्या दिसल्या, आम्हाला वाटलं कॉर्पोरेशनची माणसं आलीत, ओटले तोडायला. म्हणून ज्यांना दुपारची झोप येत नव्हती तेसुद्धा बाहेर पडले नाहीत.
म्हणजे उरलासुरला चौक आम्हीच रिकामा केला होता.
निघताना हंसाबेनने प्रोजेक्टचं नाव वाचलं. "आ चोक मरेलो छे? तो अमे शुं छीए?" चौक मेलेला, तर मग आम्ही कोण, असं हसतच विचारलं, पण मला फार लाज वाटली. अजून वाटतेय.

१५ मार्च, रविवार
बाबांना सांगितलं. ते तीस वर्षं कारखान्यात पाळ्या करतायत, आमच्या घरी दुपारी कुणी झोपत नाही. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.
"बडोद्यात जन्मलीस, आणि दुपारी एक ते चार माणसं मोजलीस?"
आई तोंडाला पदर लावून आत गेली. हसायला.
कि.चा फोन. तिचं म्हणणं, ज्युरीला कुठे कळणार आहे? ड्रॉइंग तयार, मॉडेल तयार, मासीसुद्धा तयार. खरं आहे. तिचं म्हणणं खरं असलं की मला जास्त राग येतो.

१६ मार्च
सरांना सांगून टाकलं. सर पंख्याकडे बघत म्हणाले,
"ज्युरी चोवीसला आहे. मग आता प्रस्ताव काय? काही करू नका?"
"हो," असं माझ्या तोंडून निघून गेलं.
"कोऱ्या शीटला मार्क देता येत नाहीत." एवढं बोलून चहा प्यायला गेले. कि. माझ्याशी बोलत नाहीये. पण कारंजं तिनेच पुसलं. पुसताना डोळ्यांत पाणी होतं, तीन दिवस खपली होती त्यावर.

१८ मार्च
सकाळी सहापासून वाडीत. दर तासाचं एक ड्रॉइंग: कोण कुठे बसतं, सावली कुठे सरकते. हंसाबेन शेजारी बसून चुका काढतात. "कांतिभाई अहीं न बेसे. एने पेला साथे बोलवानुं बंध छे." खोडलं. अबोला असलेल्या शेजाऱ्यापासून कांतिभाईंना हलवलं.
पाहिजे काय, विचारलं. अर्धा तास चर्चा. निष्पन्न: गटारावरची फरशी डुगडुगते ती बसवा. नळ जरा खाली घ्या. गरब्याच्या लाइटसाठी भिंतीला एक भक्कम हूक. आणि दुपारी आवाज होईल असं काहीही नको.
झाला आमचा प्रस्ताव. कि. म्हणाली, हे तर प्लंबर पण सांगेल. पण बोलली तरी!

१९ मार्च, पाडवा
श्रीखंड-पुरी. जेवून आयुष्यात पहिल्यांदा एक ते चार झोपले. अभ्यास म्हणून. उठले तर कोणतं शहर, कोणतं साल, काही कळेना. वाडीबद्दलचा आदर वाढला.

२१ मार्च, शनिवार
हंसाबेनना ज्युरीला या म्हटलं. आनंदाने हो म्हणाल्या. वेळ सांगितली, दुपारी दोन. चेहरा पडला. "बपोरे? बपोरे कोण आवे, बेटा?"
पाया पडले. आशीर्वाद दिला, पण वेळ बदलली नाही.

२४ मार्च, मंगळवार
स. ११.३०. ज्युरी दुपारची सकाळवर आली. बाहेरगावचे परीक्षक, चष्मा नाकाच्या टोकावर. हंसाबेनना कळवायलाही वेळ मिळाला नाही. परीक्षकांनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "पाच वर्षं शिकून एक फरशी, एक नळ, एक हूक?" कि.ने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. "हा चौक एवढा भरलेला असतो म्हणता, तर दाखवा. जेवून जाऊ. मला तीनला निघायचंय."
जेवून!! म्हणजे दीड वाजता!

दु. १.४०. चौक. कुणी नाही. खरंच कुणी नाही. गायसुद्धा नाही. परीक्षक चारी बाजूंना बघतात आणि मग माझ्याकडे बघतात. सरांनी त्यांना थाळी खिलवलीय, आग्रहाने, वर ताक. हंसाबेनची कडी वाजवायला हात उचलला होता, खाली घेतला. आमच्याच शीटवर लिहिलंय, दुपारी आवाज नको.

दु. २.०५. परीक्षक म्हणाले, दोन मिनिटं टेकतो. हंसाबेनच्या ओटल्यावर टेकले. बूट काढले. खांबाला पाठ लावली. मी संध्याकाळचं ड्रॉइंग समजावत होते, कांतिभाईंपर्यंत आले आणि वर पाहिलं.
झोपलेत.

दु. २.५०. घोरतायत. सरांना खुणेने विचारलं, उठवू? सरांनी डोळे वटारले. तीनला उठले तर त्यांनी फक्त रिकामा चौक पाहिलेला असणार आणि मी नापास. चारपर्यंत झोपले तर दारं उघडतील, लारी येईल, सगळं आपोआप दिसेल. माझी नोकरी, वर्ष, गोरव्यातली इज्जत, सगळं एका माणसाच्या झोपेवर. ड्रायव्हर येऊन हाक मारेल, म्हणून कि.ला गल्लीच्या तोंडाशी पाठवलंय.

दु. ३.१०. कि. चपला हातात घेऊन परत आली. ड्रायव्हरने सीट मागे पाडलीय, तोंडावर रुमाल.
परीक्षकांनी आत्ता कूस बदलली. ऊन सरकून बरोबर त्यांच्या डोळ्यांवर येतंय. सर उठले, पावलं न वाजवता गेले, आणि आमची सर्वांत मोठी शीट दोन्ही हातांनी उघडून उन्हाला आडवी धरून उभे राहिलेत.