अवेळी वाजलेला भोंगा

५ जानेवारी, सोमवार

हर्षलशी भांडण! सिनेमा त्याचा, आवाज माझा – असं ठरलं होतं. आता म्हणतो, पहिल्याच मिनिटाला धाडकन काहीतरी वाजव, लोक खुर्चीतून उडाले पाहिजेत. अरे, कुकरची शिट्टी झाली तरी माणूस दचकतो! दचकवणं वेगळं, भीती घालणं वेगळं. भीती घालायची तर आवाज आधी ओळखीचा लागतो. मग तो जरासाच चुकवायचा.

भुताच्या सिनेमाची सुरुवात कानात होते. पडद्यावर आहे काय? उसाचं रान, आणि हौदावर कपडे धुणारी एक बाई. बस. बाकी सगळं माझ्यावर.

७ जानेवारी

व्हायोलिन खालच्या सुरात ओढून पाहिलं. तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग उलटं वाजवून पाहिलं. घुमतं छान, पण कुठल्याही सिनेमाला चालेल असं. पुसून टाकलं.

८ जानेवारी

सापडलं! भोंगा.

साखर कारखान्याच्या वसाहतीत वाढलेल्याला सांगावं लागत नाही. पाळी बदलली की भोंगा वाजतो. त्यावर बायका भाकरी टाकतात, पोरं शाळेला निघतात. तोच अवेळी वाजला की समजायचं, आत कुणाला तरी लागलं. मग सगळ्या बायका दारात.

पप्पा उसाच्या मिलवर कामाला होते. पट्ट्यात सापडून गेले, तेव्हा मी पाच वर्षांची. त्यांचा चेहरासुद्धा मला फोटोतलाच आठवतो. त्या दुपारचा भोंगा मात्र जसाच्या तसा कानात आहे – खालून वर चढत जाणारा, मध्येच फाटणारा, थांबता थांबत नाही असा.

हर्षलला सांगितलं. खुर्ची पुढे ओढून बसला. मग, "मोनिका, हेच घे." आणि लगेच, "काकूंना विचारत बसू नकोस. नाही म्हणतील."

आई आता नगरला माझ्याजवळच असते, पण त्या दिवसाबद्दल कधी एक शब्द बोललेली नाही.

११ जानेवारी, रविवार

नगरहून सकाळच्या एसटीने गावी, कारखान्यावर. चारच्या पाळीचा भोंगा रेकॉर्ड केला. फाटकावर गहिनीनाथकाका, पप्पांच्या वेळचे. "भोंगा त्योच हाय, पोरी. बदलला न्हाई." पप्पांचं नाव काढलं, तसे ट्रॅक्टर आत घ्यायला निघून गेले.

पण माझ्या कानातला तो हा नव्हेच! हा सरळ, एकाच सुरात. कोरडा. कुठे फाटत नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. आईने तिळगूळ दिला. सांगायचं होतं. नाही सांगितलं.

१७ जानेवारी

सहा दिवस नुसती डोकेफोड. भोंग्याखाली शंख घातला, मालगाडीचा हॉर्न घातला – नाही. शेवटी घोडेगावच्या बाजारातलं माझं जुनं रेकॉर्डिंग काढलं. एक म्हैस विकून गाडीत चढवताना रेकत होती, ते. ते मिसळलं मात्र – हाच तो! हर्षलच्या अंगावर काटा आला. यंत्राला गळा फुटल्यासारखं वाटलं.

म्हणजे जमलं. मग आनंद का होत नाहीये?

१८ जानेवारी

ठरवलं. आईला ऐकवणार. तिच्या दुःखावर मी टाळ्या घ्यायच्या, आणि तेही तिच्यापासून चोरून? जमणार नाही. ती नको म्हणाली तर भोंगा काढणार. हर्षल भडकला – "पंचवीसला दाखवायचाय, मोनिका! सुरुवातच गेली तर राहिलं काय?" भडकू दे.

२० जानेवारी

दुपारी आईला समोर बसवलं. म्हटलं, पप्पा गेले त्या दिवशीचा भोंगा आहे, नको वाटलं तर लगेच बंद करीन. तिने मान हलवली. हेडफोन मीच तिच्या कानावर लावले. पाठ ताठ करून बसली. भोंगा फाटतो तिथे तिने माझं मनगट धरलं. घट्ट. पूर्ण ऐकलं. मग हेडफोन काढून ठेवले आणि तांदूळ निवडायला गेली.

हो नाही, नको नाही. भीती घालायची होती ना मला? घातली – स्वतःच्या आईला. फार लाज वाटते आहे.

२१ जानेवारी

सकाळी चहा ठेवता ठेवता आईच बोलली.

"त्या दिशी भोंगा वाजलाच न्हाई, मोने. गाळप थांबवायचं नव्हतं त्यांना. तुझ्या बापाला बाजूला काढला, आन् मिल चालूच. सांगायला मानूस आला, तवा मी भाकर थापीत हुते."

मग मी काय ऐकलं होतं, आई?

"ती मी हुते."

हर्षलला कळवलं, भोंगा काढला. सुरुवातीला नुसती मिल चालू राहील.