लॅपटॉपची चाल मंदावल्याबद्दल

जावईबापूंना सासऱ्याकडून भरभरून आशीर्वाद. तुमची कंबर आता कशी आहे? माझी तब्येत ठीक. फक्त छातीत धडधडायचे, आणि तेही लॅपटॉपमुळे.

तुम्ही लिनक्स घालून दिलेला लॅपटॉप महिनाभर इतका सावकाश चालत होता, की बाण हलवावा आणि तो निघेपर्यंत उन्हाची तिरीप टेबलावरून भिंतीवर जावी. दर रविवारी तुमच्या घरून आमची लेक त्यात दिसते. तिचा चेहरा मधेच थांबायचा, ओठ अर्धवट उघडे, कपाळावर बट, आणि आवाज मागाहून कुठून तरी यायचा. हेही बंद पडले तर आठवड्यात उरले काय, या काळजीने घास उतरेना. शिवाय तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याने बिघडवला.

तुम्ही फोनवर सांगितलेली ओळ काळ्या खिडकीत टाइप केली (चार वेळा; माझी शाळा सातवीत सुटली). प्रोसेसरचा वेग अठ्ठावीसशेच्या जागी चारशे निघाला. चाळीस वर्षे घड्याळे दुरुस्त केलेला माणूस मी, मला वाटले धूळ असणार. खालचे झाकण उघडून पंखा ब्रशने झाडला. धूळ उन्हात तरंगत राहिली आणि मी तिच्याकडे बघत बसलो. तास कसा गेला कळले नाही. (पंख्यात तेल घातलेले नाही. थेंब काढला होता, परत बाटलीत सोडला.) आकडा चारशेच.

शेवटी शेजारच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने वायर उचलून पाहिली.

"काका, हा चार्जर याचा नाही. मूळचा कुठाय?"

"कपाटात. जावयाने दिलेली वस्तू, रोज कशी झिजवायची? हा बाजारातून आणला."

"मग लॅपटॉप पण कपाटातच ठेवायचा होता."

त्याचे म्हणणे, चार्जर अनोळखी असला की यंत्राला विजेचा भरवसा वाटत नाही, म्हणून ते आपणहून जपून चालते. (मला ते पटले. मीही तसाच आहे.) मूळचा लावताच आकडा सत्तावीसशेवर गेला. तेव्हा आता काळजी नसावी.

तुमचा,
धडधड थांबलेला सासरा

ता. क. चार्जर कपाटात होता हे लेकीला कळू देऊ नये. तिने दिलेला स्वेटरही तिथेच आहे.

आणखी एक. परवाच्या रविवारी सगळे सुरळीत चालले आणि अकरा मिनिटांत "बरंय बाबा, ठेवते" झाले. पूर्वी चित्र अडकले की ती "थांबा बाबा, पुन्हा लावते" म्हणायची; पाऊण तास सहज जायचा. आणि ती अडकलेली असताना मला तिच्याकडे नीट बघता यायचे. म्हणून लॅपटॉप सुधारल्याचे तिला सांगू नका. रविवारपुरता मी बाजारातलाच चार्जर लावणार आहे.