गौरीसाठी आणलेल्या गोळ्या

प्रिय आक्का,

परवा न्हावऱ्याहून तुझ्या धाकट्या जावेचा फोन आला. रूपाली म्हणाली, "दादा, गौरी जवळ आल्यात आन् माझी अडचण नेमकी त्याच दिवसात येतीय. आक्कांना आणत व्हता तसलं एक पाकीट मला बी आणाल का?" मी "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. आता चौफुल्याला गाडी लावून, ऑर्डरी लिहितो त्या वहीच्या मागच्या पानावर तुला लिहितोय. तू होतीस तेव्हा कधी चार ओळी लिहिल्या नाहीत.

तू मला भिंगऱ्या म्हणायचीस. बारावी सायन्स अर्धवट सोडलं, कंपनीत चार महिने काढले, मग गुऱ्हाळावर एक हंगाम, मग टेम्पो. शेवटी ही नोकरी लागली, औषधांची खोकी शिरूरपासून दौंडपर्यंत मेडिकलांना पोचवायची. आईला वाटलं, पोरगं मार्गी लागलं. तुलाही बरं वाटलं होतं ना? मला वाटतं ही नोकरी मला लागायलाच नको होती.

पहिल्यांदा गोळ्या मागितल्यास तेव्हा तू माझ्याकडं न बघता चिठ्ठी दिलीस. "आत्याबाई म्हंत्यात, थोरल्या सुनंनं गौरी न्हाई बसवल्या तर कुणी बसवायच्या? पाळी लांबवायची गोळी हाय म्हणं." मी आणली. त्यात काय एवढं, सगळ्याच बायका घेतात. मेडिकलवाल्यानं काही विचारलं नाही, मीही नाही. तू गौरी बसवल्यास आणि जाताना मला करंज्यांचा डबा दिलास. त्या डब्याचं झाकण अजून माझ्याकडंच आहे, डबा कुठं विसरलो कोण जाणे.

मग देवीची जत्रा आली. मग नणंदेची हळद. मग पूजा. मग काही कारण नसतानाही तू पाकीट मागायला लागलीस.

त्या दुपारी तू दारात उभी होतीस, तोंड पांढरंफटक पडलेलं. "लई जातंय रे. महिन्यातनं दोनदा येतं, थांबतच न्हाई. गोळी घेतली की थांबतं बघ." हे तू दाजींना सांगितलं नव्हतंस, आईलाही नाही. मला सांगितलंस. आणि मी काय बोललो, आठवतं? "मग दोन पाकिटं ठेव की, सारख्या चकरा नकोत." मला कवठ्याला बैलगाड्यांच्या शर्यती बघायला जायचं होतं. गाडी बंदसुद्धा केली नव्हती मी.

तू तरी का गप्प बसलीस? एकदा म्हणायचंस, भिंगऱ्या, शर्यती मरू दे, मला दवाखान्यात ने. नेलं असतं की नाही, ते आता माझं मलाच सांगता येत नाही.

गेल्या वर्षी गौरीच्या जेवणादिवशी तू नैवेद्य दाखवला आणि पोट धरून खाली बसलीस. आत्याबाई म्हणाल्या, "उपाशी हाय, घेरी आली." दाजींनी गाडी काढेपर्यंत तू घामानं भिजली होतीस. दौंडच्या दवाखान्यात सांगितलं, पोटात गाठ फुटलीय, आत रक्त साचलंय. लगेच ऑपरेशनला घेतलं. तू बाहेर आली नाहीस.

त्यानंतर मी तुझं ऑपरेशन केलेल्या डॉक्टर मॅडमकडं तीनदा गेलो. पहिल्या दोन वेळा दारातूनच परत फिरलो. तिसऱ्यांदा त्यांनीच खुर्ची दिली आणि कागदावर एकात एक दोन गोल काढले. म्हणाल्या, बीजकोशात स्त्रीबीजाभोवती पेशींचे दोन थर असतात. पेशींवर रिसेप्टर असतात, म्हणजे ठरलेलं हार्मोनच बसेल अशी जागा. डोक्यातनं एक हार्मोन येऊन बाहेरच्या थरावर बसलं की तिथल्या पेशी कोलेस्टेरॉलपासून कच्चा माल करतात. दुसरं आतल्या थरावर बसलं की तिथल्या पेशी त्याचं इस्ट्रोजेन करतात. पुरेसं झालं की डोकं निरोप कमी करतं आणि काम मंदावतं.

मला गुऱ्हाळच दिसायला लागलं. बाहेर चरकावर रस निघतो, आत काहिलीत त्याचा गूळ होतो, आणि गूळ पारखणारा गुळव्या बस म्हणाला की जाळ ओढून घेतात. मी तसं म्हणालो.

"असंच काहीसं," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या बहिणीच्या आतल्या थरातल्या पेशी बिघडल्या होत्या. निरोप बंद झाला तरी त्या इस्ट्रोजेन करत राहिल्या, वाढत राहिल्या. त्यांचीच ती गाठ. त्या इस्ट्रोजेननं गर्भाशयाचं अस्तर जाड होत होतं, म्हणून इतकं रक्त जायचं."

"आणि गोळी?"

"गोळीतलं हार्मोन त्या अस्तराच्या रिसेप्टरवर बसतं आणि अस्तर धरून ठेवतं. गाठ तिथं वर बीजकोशात. तिला काही होत नाही."

मी विचारलं, मग मीच मारलं का तिला? त्यांनी पेन कागदावर ठेवलं. "गोळीनं गाठ झाली नाही. पण जे रक्त बघून तुम्ही तिला आमच्याकडं आणलं असतं, ते दिसायचं बंद झालं. वेळेवर आली असती तर गाठ काढता आली असती."

आक्का, आत जाळ चालूच होता आणि मी बाहेरचा धूर झाकत होतो. वर्षभर. तेही तुझी सेवा म्हणून.

लोक म्हणतात, काळ गेला की दुःख कमी होतं. होत नाही. रोज कुठल्यातरी मेडिकलच्या काउंटरवर तेच पाकीट दिसतं. नोकरी सोडून पळावं वाटतं, पण आजवर पळतच तर आलोय. तुझ्या दारातनंही पळालोच होतो.

आता उठतो. न्हावऱ्याला जातोय, पाकीट न घेता. गाडी बंद करून आत जाईन आणि ओट्यावर बसेन. आत्याबाई तिथंच असतील, रागावतील, रागावू देत. यंदा गौरी कुणी बसवायच्या ते त्यांचं त्यांनी बघावं. पाळी हा शब्द त्यांच्यासमोर तोंडानं उच्चारीन. तू परत येणार नाहीस, ठाऊक आहे मला. पण रूपालीला मी विचारीन, किती दिवस जातं, महिन्यात कितीदा येतं, आणि ती सांगून संपेपर्यंत उठणार नाही. हा माझा शब्द. तुला विचारायचं राहिलं ते हेच होतं.

तुझा,
भिंगऱ्या