डावीकडे वळलेली चाकं

४ मार्च

ती. मामांस,
नमस्कार वाकून, पण दातओठ खाऊन.

मी काय तुमची गाडी उशाखाली घेऊन झोपतो का? परवा फोनवर जे जे बोललात ते मला ऐकवून काय होणार? गाडी नोंदवून दोन वर्षं झाली, मान्य. आधी कंपनीवाले म्हणाले उन्हाळा संपला की देतो, मग वर्ष संपता संपता, मग इंजिनं बोटीवर आहेत, मग बोट बंदरात आहे, मग बंदरात संप आहे. हे सगळं मला पाठ आहे, कारण मीसुद्धा ते फाटकावर चिकटवलेल्या कागदावरच वाचतो. मी रंगखात्यातला माणूस. बंद पडलेली भिंगरी गाडी पुन्हा बाजारात आणायची टूम माझी नाही. फोनवर तुम्ही ओरडता, मग मी ओरडतो, म्हणून लिहितोय. कागद उलटून बोलत नाही.

तुम्हाला वाटतं तुम्ही एकटेच चिडलात. इथे रोज कुणी ना कुणी फाटकाशी येऊन थयथयाट करतं. काल एक दातांचा डॉक्टर आला. साहेब मागच्या दाराने सटकले, अंगावर कंपनीचा डगला होता म्हणून मी सापडलो. म्हणाला, माझ्या आगाऊ पैशांवर जेवताना घास कसा उतरतो तुमच्या घशाखाली? मी सांगितलं की मी डबा आणतो. तो आणखीच भडकला. आमच्या साहेबांना आता सगळे वायदेसाहेब म्हणतात. तोंडावर नाही, इतकंच.

तुम्ही म्हणता, तुझ्या डोळ्यांसमोर माझी गाडी तयार होतेय, बघून सांग. माझ्या डोळ्यांसमोर एकच गाडी आहे, पहिली. बाकीच्या मागच्या शेडमध्ये आहेत आणि तिथे माझा पास चालत नाही. ही पहिली मात्र देखणी. कधी लाल, कधी निळी, किती वेळा रंगवली तिला! वायदेसाहेब म्हणतात रंगाच्या चाचण्या चालल्यात. जुना रंग न खरवडताच वर नवा मारायला लावतात, त्याने जीव जळतो. पण हातात स्प्रेगन आली की मला बरं वाटतं. तीन नोकऱ्या सोडल्या, ही सोडावीशी वाटत नाही. तुम्ही गिऱ्हाईक म्हणून शब्द टाकलात म्हणून ही लागली, ते तुम्ही दर फोनला सांगता. लक्षात आहे. म्हणून तर तोंड शिवून बसलोय.

लोभ आहे तेवढा पुरे. ओरडणं तेवढं कमी करा.

तुमचा,
भिंगऱ्या


१३ मार्च

चि. भिंगऱ्यास,
आशीर्वाद, तुझी लायकी नसताना.

पत्र पोचलं. अक्षर होतं तसंच आहे, उर्मटपणा तेवढा वाढलाय. डबा आणतो म्हणालास? गिऱ्हाइकाशी असं बोलतात? तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं मी. शिकणाऱ्याने दुधाची गाडी ठोकली तरी त्याला आधी पाणी पाजलं आणि मग शिव्या दिल्या.

माझा जीव कशात अडकलाय ते तुला कळायचं नाही. तीस वर्षं मी दुसऱ्याच्या शेजारी बसलो. स्टिअरिंग त्याचं, रस्ता त्याचा, माझ्या पायाखाली फक्त जादाचा ब्रेक. तिसऱ्या गिअरच्या वर कधी गेलो नाही. अठराव्या वर्षी मी आपल्या जुन्या डॉक्टरांची भिंगरी धुवायला जायचो. हिरवीगार. एकदा त्यांनी ती मला एकट्याला पेट्रोलपंपापर्यंत नेऊ दिली. त्या एका फेरीवर मी आजवर जगलोय. पुढे कंपनी बुडाली, त्याच वर्षी तू जन्मलास, आणि पाय फुटल्यापासून घरात ठरला नाहीस, म्हणून तुझं हे नाव पडलं. एक भिंगरी गेली आणि दुसरी गळ्यात पडली, तीही बिनब्रेकची, असं तुझी मामी म्हणते.

आज राग अर्धाच आहे, कारण कंपनीने फोटो पाठवलाय. माझ्या गाडीचा! हिरवी. पाठीमागे लिहिलंय की शेवटचा हात चालू आहे. सोबत दुसऱ्या हप्त्याची चिठ्ठी आहे, पंधरा एप्रिलच्या आत भरला नाही तर नंबर शेवटी जाणार. फोन करून त्या मुलीला फैलावर घेतलं. तुम्ही दोन वर्षं लावायची आणि मी दोन दिवस लावले तर माझा नंबर जाणार? तर म्हणते कशी, आपली नाराजी आम्ही नोंदवून घेतली आहे. नोंदवून घेतली! मी काय तिला पत्ता सांगत होतो?

असो. हप्ता भरतोय. त्यासाठी स्कूलची गाडी विकायला काढलीय. घेणारा रविवारी, बारा एप्रिलला येईल.

एक मात्र तुझ्या साहेबांना सांग. फोटोत पुढची चाकं डावीकडे वळवून ठेवलीत. पहिल्या माहितीपत्रकात लाल गाडी होती, तिचीही तश्शीच, तेवढीच. गाडी उभी केली की चाकं सरळ करायची हे मी पहिल्या दिवशी शिकवतो. गाडी बनवणाऱ्यांना एवढंही कळू नये? फोटो पाठवतोय, बघून लगेच परत कर. मामीला दाखवून दाखवून कोपरा मुडपलाय.

मामा


२० मार्च

ती. मामांस,
नमस्कार. हे पत्र बसून वाचा.

गाडी विकू नका. हप्ता भरू नका. तीनदा फोन केला, तिन्ही वेळा पहिल्याच वाक्याला तुम्ही आपटलात. आता शेवटपर्यंत वाचा.

फोटोतली गाडी तुमची नाही. ती तीच पहिली गाडी. फेब्रुवारीत मीच तिला हिरवी केली. मागच्या चाकाच्या वर रंगाचा एक ओघळ आलाय, फोटो ह्याच पाकिटातून परत पाठवतोय, नीट बघा. तो माझ्या हातचा. वायदेसाहेब डोक्यावर उभे राहून घाई करत होते आणि माझा हात एका जागी थांबला. दुसऱ्याच आठवड्यात मी तिला क्रीम मारला, आज ती पिवळी आहे. तुम्ही मामीला दाखवताय ती हिरवी गाडी कधीच संपली, मामा.

चाकं सरळ करा म्हणता, ती होत नाहीत. खाली स्टिअरिंगच नाही. चाकं वळवून वेल्डिंगने पक्की केलीत, फोटोत गाडी धावल्यासारखी दिसते म्हणून. बॉनेटखाली इंजिनाच्या जागी वाळूची पोती आहेत, नाहीतर नाक वर उचलतं. ती मला माहीत होती. इंजिन आलं की काढू म्हणाले आणि मी नंदीबैलासारखी मान हलवली. लाल गाडीची चाकं तेवढीच वळलेली हे तुमच्या पत्रात वाचलं आणि डोक्यात उजेड पडला.

काल जेवणाच्या सुट्टीत मागच्या शेडच्या खिडकीवर चढलो. आत गाड्या नाहीत. समारंभाच्या खुर्च्या आहेत आणि कबुतरं आहेत. फोरमनला जाब विचारला. तो आधी म्हणाला की तुला पगार रंगवायचा मिळतो, विचारायचा नाही. मग हळूच म्हणाला की घरी तीन पोरं आहेत. मला त्याचा राग आला, मग वायदेसाहेबांचा, मग तुमचा. हो, तुमचाच! समोरच्याची चूक व्हायच्या आत ब्रेक दाबणारा माणूस तुम्ही, आणि स्वतःच्या वेळी पाय कुठे ठेवला होता?

हवं तेवढं भांडा. पण गाडी विकू नका.

भिंगऱ्या


२८ मार्च

चि. भिंगऱ्यास,
मामीचे आशीर्वाद. मामांचे सध्या बंद आहेत.

तुझं पत्र ह्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, याचं बूड एका जागी टेकत नाही, ही चौथी नोकरी सोडायला निमित्त हवंय, त्यात माझी गाडी खुपतेय डोळ्यांत. मी म्हटलं, पोरगा उनाड आहे, खोटारडा नाही. झालं, माझ्याशीही अबोला. कंपनीकडून त्यांनी फोटोची आणखी एक प्रत मागवली आणि ती आरशाच्या कोपऱ्यात खोचलीय. दाढी करताना तिच्याकडे बघतात आणि गाल कापून घेतात.

शंका त्यांनाही आलीय, पण कबूल केलं तर मग मामा कसले? स्कूलची गाडी धुऊन पुसून ठेवलीय. म्हणतात, माझा डोळ्यांवर विश्वास आहे, त्याच्या जिभेवर नाही. तर बाबा, शब्द पुरे झाले. डोळ्यांना दिसेल असं काहीतरी पाठव, आणि बारा तारखेच्या आत पाठव.

वेळेवर जेवत जा. मामांचा लोभ मी सांभाळून ठेवलाय, लागेल तेव्हा देईन.

मामी


५ एप्रिल

ती. मामांस,
नमस्कार. पाकीट जपून फोडा, आत एक तुकडा आहे.

काल कंपनीने जवळपासच्या गिऱ्हाइकांना गाडी बघायला बोलावलं होतं. शेडमधल्या खुर्च्या मांडल्या. गाडी दोरीच्या पलीकडे, आदल्याच दिवशी मी चंदेरी केलेली. वायदेसाहेब माइकवर म्हणाले की दर्जाला वेळ लागतो. दातांचा डॉक्टर ताडकन उठला, दर्जा राहू द्या, एक चाक फिरवून दाखवा म्हणाला. एका वयस्क बाईंनी विचारलं की माझ्या क्रीम गाडीचा फोटो आला, ती गाडी कुठाय? वायदेसाहेब म्हणाले, मागच्या शेडमध्ये, सुरक्षेसाठी कुलूप आहे. हसत म्हणाले.

मला फडकं देऊन गाडीशी उभं केलं होतं, बोटांचे डाग पुसायला. त्यांच्या त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. खिशात खरखरीत पॉलिश पेपर होता. खाली बसलो आणि दारावर तळहाताएवढी जागा घासायला लागलो. आधी वाटलं असेल, पोरगा काम करतोय. चंदेरी गेली, खाली पिवळा. मग क्रीम. मग हिरवा, निळा, लाल. कापलेल्या खोडात दिसतात तशी एकात एक वर्तुळं. दातांचा डॉक्टर दोरी ओलांडून आला, निळ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, ही माझी. क्रीमवाल्या बाईंनी पर्समधून फोटो काढून रंगाला लावून बघितला. एकेक जण वाकून आपापली गाडी शोधत होता. कुणी ओरडेना, त्याचीच मला भीती वाटली. मग सगळे एकदम ओरडले.

पहारेकऱ्याने मला गचांडी धरून बाहेर काढलं. निघता निघता दाराच्या कडेचा सुटलेला पोपडा उपटून घेतला. तो पाठवतोय. कडेने बघा, वरून चौथा तुमचा. डोळ्यांवर विश्वास आहे ना? घ्या!

नोकरी गेली. ह्या खेपेला मी सोडलेली नाही, एवढं ध्यानात ठेवा.

भिंगऱ्या


१३ एप्रिल

चि. भिंगऱ्यास,
आशीर्वाद, आणि आज लायकी बघून.

पोपडा खिडकीत नेऊन भिंगाखाली धरला. चौथा हिरवा. पण हा तो हिरवा नव्हेच! डॉक्टरांची भिंगरी गडद होती, काचेच्या बाटलीसारखी. हा पोपटी. दोन वर्षं रखडवलं आणि मेल्यांना थापेपुरता रंगही धड निवडता आला नाही.

काल घेणारा आला. चाचणीला बसला आणि स्टिअरिंग दोन बोटांनी धरलं. तेवढ्यावरून हाकलून दिला. मामी तोंडाला पदर लावून हसत होती. हप्ता भरला नाही. पहिला गेला तो गेला. तुमच्याकडच्या गिऱ्हाइकांनी पोलिसांत तक्रार केल्याचं पेपरात आलंय, मीही माझी पावती जोडून पाठवलीय. नाराजी आता तिथे नोंदवून घ्या म्हणावं.

राग काही उतरत नाही. रस्त्यात कुणी हॉर्न दिला तरी भांडायला उभा राहतो. सगळ्यांत जास्त माझाच मला येतो. तुझा नाही. हे एकदाच लिहितोय, पुन्हा मागू नकोस. स्कूलची गाडी दारात उभी आहे, तिच्याकडे बघवत नाही. कुठे झोपतोस ते मामी विचारतेय.

मामा


२६ एप्रिल

ती. मामांस,
नमस्कार, ह्या वेळी दात न खाता.

मामीला सांगा, फोरमनच्या घरी माळ्यावर झोपतो. त्यालाही काढलं. जबानीला दोघं मिळून गेलो. आता लोखंडी फाटकं रंगवतो. पहिलं काम दातांच्या डॉक्टरनेच दिलं, दवाखान्याचं फाटक. जुना रंग आधी पुरा खरवडायचा, अशी अट घातली. मी म्हटलं, ती माझीही अट आहे. वायदेसाहेब अजून सापडलेले नाहीत. बहुतेक बोटीवर असतील.

पण तुमच्यावर माझा एक राग शिल्लक आहे. गाडीकडे बघवत नाही म्हणजे काय? भिंगरी मिळाली नाही म्हणून जन्मभर दुसऱ्याच्याच शेजारी बसणार का? उद्या गॅरेजवाल्याकडे जा. तो जादाचा ब्रेक दांडीसकट उपटून काढायला सांगा आणि खालच्या भोकावर पत्रा मारून घ्या. मग तुम्ही स्टिअरिंगला बसा, मामीला शेजारी घ्या, गावाबाहेरच्या सरळ रस्त्याला लागा आणि चौथा गिअर टाका. मामी घाबरून पाय आपटेल. आपटू दे, तिथे आता काही नाही.

बाटलीचा हिरवा मी आलो की मारतो. आधी पुरा खरवडून, एकच हात.

लोभ असू द्या, ओरडणंही असू द्या, घर शांत झालं तर मला काळजी वाटेल. ब्रेक काढायचा खर्च इथल्या गॅरेजात विचारून घेतलाय, तेवढी मनिऑर्डर कालच केली: मजुरी आणि पत्रा धरून सतराशे पन्नास.