बिनगिलाव्याच्या कार्यालयातलं पहिलं लग्न

कासार आंबोली,
१२ एप्रिल २००६

श्री. चंद्रकांतराव यांस,
कैलासचा सप्रेम नमस्कार.

इकडे आम्ही सर्व मजेत. तुमचा गुडघा आणि वहिनींचा दमा कोल्हापूरच्या हवेत आटोक्यात असतील, अशी आशा करतो. फोनच केला असता, पण माझा आवाज ऐकला की तुमची लाइन कटते (टेलिफोन खात्याकडे मी तक्रार करणार आहे), म्हणून पत्र.

तुम्ही शहात्तर साली इथल्या सोसायटीसाठी बांधलेली ती इमारत मी मंगल कार्यालयासाठी भाड्याने घेतली आहे. उघडं काँक्रीट, त्यावर फळ्यांचे वळ तसेच, गिलाव्याचं नाव नाही. काम अर्धवट राहिलं असंच सगळं गाव समजत होतं. आधी तिथे बियाण्याचं गोदाम होतं, मग सोसायटी बुडाली, मग बरीच वर्षं भैरूच्या शेळ्या राहिल्या (त्यांची काही तक्रार नव्हती). माझ्या लग्नाच्या पंगतीत मी एवढंच म्हणालो होतो, की मेव्हण्याने इमारत उभी केली पण तिला कपडे घालायला विसरला. तुम्ही भरल्या ताटावरून उठलात, ते सृष्टीच्या बारशालाही आला नाहीत. पंगतीतलं बोलणं इतकं मनाला लावून घेऊ नये, असं माझं आजही स्पष्ट मत आहे.

तर कार्यालयातलं पहिलं लग्न आपल्या सृष्टीचंच, दोन मेला. ते नीट पार पडलं तर पुढची लग्नं येतील, नाहीतर पुन्हा शेळ्या. म्हणून गेणबा गवंड्याकडून गिलावा चढवायला घेतला. संध्याकाळी चढवलेला गिलावा सकाळी खाली. मग दर्शनी खांबांना गुलाबी रंग दिला. दोन खांब झाले तोच जावईबापू हजर. निषाद बावधनला राहतो, हिंजवडीत कॉम्प्युटरवर असतो. मी सारवासारव करणार, तोच तो वर बघत म्हणाला, "काका, हे असंच ठेवा. आमच्या ऑफिसात असं दिसावं म्हणून केवढा खटाटोप केलाय." तेव्हापासून मी गावात सांगतो, की या इमारतीची ऐट मला पहिल्यापासून दिसत होती. उरलासुरला गिलावा गेणबाकडून खरवडून घेतला. खांब मात्र गुलाबीच राहिले.

मग मुहूर्तमेढ. आबांचं (म्हणजे आमच्या वडिलांचं) म्हणणं, मेढ जमिनीतच रोवली पाहिजे. पण अंगणसुद्धा तुम्ही काँक्रीटचंच करून ठेवलेलं. चौघांनी आळीपाळीने पहार चालवली, पहार वाकली. शेवटी तेलाच्या डब्यात माती भरून मेढ त्यात उभी केली आणि भटजींना पुढचं म्हणायला सांगितलं. आबा डब्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "चंद्रकांताला बोलवा. ज्यानं बांधलंय त्योच सांगंल काय ते." मी म्हटलं, काही गरज नाही. इमारत भक्कम आहे आणि मीही आहे. तरी रीत म्हणून सोबत पत्रिका पाठवतो आहे. यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

आपला,
कैलास

ता. क. : छत झाडताना स्लॅबला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ तडा सापडला. आत बोट जातं. गावात कुणाला बोललेलो नाही. त्यात साडेचारशे पाहुणे सांगून बसलोय. बांधणाऱ्यानं चार दिवस आधी येऊन नजर टाकली तर मला झोप लागेल.

आणखी एक : मामाने मुलीच्या मागे उभं राहायचं ती जागा नेमकी त्या तड्याखाली येते. तिथे दुसऱ्या कुणाला मी उभं करणार नाही.

दादा,
यांनी पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून खाली लिहिते. तो तडा नाही. उन्हात काँक्रीट फुगतं म्हणून तू मध्ये फट सोडली होतीस. आपण पौडला राहत होतो, मी तुझा डबा घेऊन आले तेव्हा मला वर नेऊन दाखवली होतीस. त्यातलं डांबर झडलंय, एवढंच. यांना मी काही सांगितलेलं नाही. तुझ्यावाचून आपलं अडलंय असं यांना जन्मात पहिल्यांदा वाटतंय, तेवढ्यात ये.
– शारदा