नाव घ्यायचं नाही

७ जाने., मंगळ.
हिंगणीला समुपदेशनाचा दिवस. पंचायतीच्या बाजूची खोली, दोन खुर्च्या. मी त्या शेजारी-शेजारी ठेवते. समोर बसवलं की माणूस तोंडी परीक्षेला आल्यासारखा बोलतो.
आज नवीन बाई, सविता. मुलगा आयुष, पाच वर्षांचा, पावसाळ्यात साप चावून गेला. ती बोलत नाही, जेमतेम दोन घास खाते. सगळं नवऱ्यानंच सांगितलं. "मॅडम, आमी तिले काईच तरास होऊ देत नाई. घरात त्याचं नाव कोणी घ्याचं नाई, असं ठरवलं. साऱ्या गल्लीलेच सांगून ठेवलं." शेजारच्या पोराचं नावही आयुषच. सविता ओट्यावर असली की त्यालासुद्धा सगळे 'बाबू' म्हणतात. केवढ्या अभिमानानं सांगत होता.
किती माया, आणि किती चुकीची. आधी राग आला, मग लाज वाटली. आमच्या घरी दुसरं काय झालं?

८ जाने.
धाकट्या भावाबद्दल लिहायला बसले. पेन अडतं. इथंही 'धाकटा'च लिहितेय, बघा.
मी सातवीत, तो दुसरीत. गावातली विहीर. तो गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या विधीला विहारात भंतेजींनी त्याचं नाव घेतलं, तेच शेवटचं. बाबांनी भिंतीवरचा फोटो काढला. विषय बंद. आता बाबाही नाहीत. आई माझ्याजवळ वर्ध्याला असते, पण त्याच्याबद्दल एक अक्षर नाही.
लोक विचारतात, मॅडम, समुपदेशनाकडे कशा वळलात? मी म्हणते, आवड. आवड कसली डोंबलाची. आईला बोलतं करायचं होतं. बाकी सगळ्यांना केलं, तीच तेवढी राहिली.

२१ जाने., मंगळ.
गेल्या मंगळवारी संक्रांत, म्हणून आज. सविता एकटी आत आली. मुलं गमावलेल्या सगळ्यांना जे विचारते तेच विचारलं. जेवायला कशी हाक मारायचीस? करून दाखव.
पदर तोंडाशी धरून, हळू: "आयुऽष, ये बापा, भात थंडा होऊन राह्यला."
आणि रडली. पोटातून रडली. मग चिडली, गल्लीवर. "सारे भुलले त्याले, मॅडम. कोणी नावबी नाई घेत. मलेच वाटते का माह्यं डोस्कं फिरलं. पोरगं झालंच नव्हतं का मले?"
नवऱ्याला बोलावून तिच्याच तोंडून ऐकवलं. तो भिंतीकडं बघत राहिला. "आमी त तिच्यासाठीच..."
त्याला म्हटलं, रोज जेवताना एकदा नाव घ्या. दुसऱ्याला सांगायला मी भारी हुशार.

२८ जाने., मंगळ.
सविता आली नाही. नवऱ्याचा फोन. त्यानं नाव घेतलं, ती ताटावरून उठली, सकाळी माहेरी गिरडला निघून गेली. सासू म्हणते, त्या मॅडमनंच बिघडवलं. "काय करू आता?"
मला ठाऊक नव्हतं. 'वाट बघा' म्हणाले. घाई केली का मी?

२ फेब्रु., रवि.
आईला गॅलरीत उन्हात बसवून केसांना तेल लावत होते. नाव-गाव न सांगता त्या बाईचं सगळं बोलून बसले. असं कधी करत नाही, पण राहवेना. शेवटी विचारलंच, "आई, तू काऊन कधी त्याचं नाव घेतलं नाई?"
आई वळली नाही. "मी त रोज घेतो."
"कवा?"
"तू कामावर गेली का. सैपाक झाला का हाक मारतो त्याले, मंग जेवतो."
माझे हात तिच्या डोक्यावर तसेच.
"माह्यासमोर काऊन नाई मंग?"
"तुह्यासमोर कशी घेऊ? तवा त्याचं नाव निघालं का तुले ताप भरे. डॉक्टर म्हणे, पोरीले जपा. तुह्या बाबानं फोटो तुह्यासाठीच काढला."
मला ताप आठवत नाही. काहीच आठवत नाही. एवढी वर्षं मी हिला मुकी समजले, आणि ही मला जपत होती. एकटीच जेवली असेल कितीदा.
मग तिनं हाक मारून दाखवली. मोठ्यानं, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल अशी. "आता तू घे."
तोंड उघडलं. आलं नाही. इतक्यांच्या तोंडून इतकी नावं काढली मी, आणि...
आई म्हणाली, "राहू दे, बाई. घाई नाई."

४ फेब्रु., मंगळ.
हिंगणी. नवरा एकटाच आला. सविता अजून गिरडलाच, फोन घेत नाही. "मॅडम, असं नाव घेऊन लोकं बरे होते का खरंच?"
आज खरं सांगितलं. कधी होतात, कधी नाही. माझं मलाच जमत नाही. तो शेजारच्या खुर्चीत बसून आपण होऊन आयुषचं सांगू लागला. वेळ संपली तरी उठला नाही. मीही उठवलं नाही.
घरी आले. जेवायला बसलो आणि आईनं, मी समोर असताना, धाकट्याला हाक मारली. मग माझ्याकडं बघत थांबली. मी वरण-भात कालवत राहिले. ती जेवायला सुरुवात करीना, आणि माझ्यानंही घास उचलवेना.